‘अभिप्राय निरंक’ लिहिण्यापूर्वी : गुप्तचर कायद्याचा मसुदा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

गृह, विधी व न्याय, वित्त, कार्मिक आणि सामान्य प्रशासन या विभागांत बसून दुसऱ्या विभागांच्या विधेयकांवर अभिप्राय देणाऱ्या, दिल्लीतल्या आणि मुंबईतल्या अधिकारी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी राज्य सरकारच्या सेवेतून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं टिपण्या लिहिण्यात गेली. मंत्र्यांना आणि खासदारांना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला लिहितेय, कारण विधेयक सभागृहात जाण्याआधी ते पहिल्या कलमापासून शेवटच्या परंतुकापर्यंत वाचायचं काम सरकारने तुमच्यावर सोपवलेलं असतं. सभागृहात गोंधळ झाला तर विधेयक दहा मिनिटांत मंजूर होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याआधी ते शांतपणे वाचलं जाण्याची जागा म्हणजे तुमचं टेबल.

विषय गुप्तचर संस्थांच्या कायद्याचा आहे. असा मसुदा तुमच्याकडे येईल तेव्हा तो नव्या संस्थेचा असेल, जुन्या संस्थेला कायद्याची चौकट देणारा असेल किंवा नुसताच अधिकार वाढवणारी दोन पानी दुरुस्ती असेल. कसाही आला तरी त्यावर ‘या विभागाचे अभिप्राय निरंक आहेत’, म्हणजे आम्हाला काही म्हणायचं नाही, असं लिहून तो परत पाठवू नका, एवढंच माझं मागणं आहे. ते मी का मागतेय हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

नोकरीला दहा-बारा वर्षं झाली होती. एका दुपारी दुसऱ्या एका विभागाचा मसुदा आमच्याकडे अभिप्रायार्थ आला. चौदा पानं, पताका ‘अ’ लावलेली, वर ‘तात्काळ’ची चिठ्ठी. शिपाई दारातच उभा. “मॅडम, साहेबांनी आजच परत मागितलीय.” अधिवेशन तोंडावर होतं, माझ्यासमोर तारांकित प्रश्नांच्या उत्तरांचा ढीग होता. मी पहिली चार पानं वाचली, बाकीची चाळली आणि लिहिलं, ‘प्रस्तुत मसुद्याबाबत या विभागाचे अभिप्राय निरंक आहेत. मान्य झाल्यास नस्ती मूळ विभागास परत करण्यात यावी.’ अवर सचिवांनी सही केली, उपसचिवांनी केली, सचिवांनीही केली. मी वाचलंय असं धरूनच तिघांनी सह्या केल्या.

मग कायदा झाला. दोन-अडीच वर्षांनी, दुपारी पास काढून अभ्यागत आत येतात त्या वेळेला, एक गृहस्थ आमच्या कक्षात आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद, घड्या घालून घालून चिरलेले. भायखळ्याला एका गाळ्यात त्यांचं शिवणकामाचं छोटं युनिट होतं. तपासणीत त्यांचं एक यंत्र जप्त झालं, त्याला चौदा महिने होऊन गेले होते. दंड भरायची तयारी होती, वकील करायची ऐपत नव्हती. त्यांनी विचारलं, “मॅडम, मशीन परत मागायचं तर अर्जात कलम कुठलं टाकू?” मी कायदा उघडला. जप्तीचं कलम होतं, जप्ती कोणी करायची ते होतं, पंचनाम्याचा नमुनाही होता. वस्तू परत कधी द्यायची आणि ती कोणाकडे मागायची, याबद्दल एक ओळही नव्हती. मसुद्याच्या अकराव्या पानावर, जप्तीच्या कलमाखाली, ती यायला हवी होती. मी अकरावं पान वाचलंच नव्हतं.

त्या गृहस्थांचा अर्ज मी स्वतः लिहून दिला. यंत्र मिळालं की नाही, मला कळलं नाही. पण ‘निरंक’ हा शब्द त्यानंतर माझ्या हातून कधी सहज उतरला नाही.

आता गुप्तचर कायद्याचा विचार करा. यंत्र नेलं तर माणसाला निदान दिसतं की ते नेलं. तो पिशवी घेऊन कुणाच्या तरी दारात येतो. ज्याचा फोन ऐकला जातो, ज्याच्या नावाची फाईल उघडली जाते, त्याला काहीच दिसत नाही. तो कुठल्याच दारात येणार नाही. त्याच्या वतीने विचारायचं असेल तर ते मसुदा हातात असतानाच विचारायला हवं, आणि मसुदा तुमच्या हातात असतो.

आजची स्थिती तुम्हाला माहीत आहे. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगते. इंटेलिजन्स ब्युरोची मुळं १८८७ सालची, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. रॉ २१ सप्टेंबर १९६८ रोजी उभी राहिली. कारगिलनंतरच्या फेररचनेतून २००४ मध्ये एनटीआरओ, म्हणजे तांत्रिक साधनांनी माहिती मिळवणारी संस्था, आली. या तिन्ही संस्था सरकारी आदेशावर चालतात. त्यांची कामं कोणती, अधिकार किती, मर्यादा कोणत्या, त्या कोणाला उत्तरदायी, हे सांगणारा संसदेचा कायदा एकीलाही नाही. अधिकार नाही म्हणून संसदेने कायदा केला नाही, असंही नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्र सूचीची आठवी नोंद ‘केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण ब्युरो’ अशी आहे. म्हणजे १९५० पासून जागा राखून ठेवलेली आहे.

त्या नोंदीवर २९ ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत चर्चा झाली होती. पोलीस हा राज्यांचा विषय, मग केंद्राचा हा ब्युरो ‘अन्वेषण’ करून राज्यांच्या पोलिसांच्या कामात शिरणार का, अशी शंका निघाली. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा, की या ब्युरोने माहिती गोळा करायची आणि ती खरी की खोटी हे पडताळायचं, गुन्ह्याचा तपास पोलीस करतात त्या अर्थाने इथे ‘अन्वेषण’ नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी एका शब्दाचा अर्थ सभागृहात उभं राहून उलगडून सांगितला. गृह विभागातल्या मंडळींनी ही चर्चा मसुद्याला जोडूनच ठेवावी, पताका ‘ब’ म्हणून. कारण हाच मुद्दा पुढे २०१२ मध्ये पुन्हा आला.

तेव्हा राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र, म्हणजे एनसीटीसी, काढायचं ठरलं. ३ फेब्रुवारी २०१२ चा आदेश निघाला, १ मार्चपासून काम सुरू व्हायचं होतं. हे केंद्र इंटेलिजन्स ब्युरोच्या आत असणार होतं आणि त्याला अटकेचे, झडतीचे अधिकार मिळणार होते. विधेयक नव्हतं, संसदेत चर्चा नव्हती. वेगवेगळ्या पक्षांच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि ते बारगळलं. पुष्कळांना वाटलं, राज्यांनी राजकारण केलं. मला तसं वाटत नाही. जो गुपचूप माहिती जमवतो त्याच्याच हातात बेडी दिली, तर माहिती कशी मिळाली हे न्यायालयात कधी उघडं होणार? पोलिसाला केस डायरी ठेवावी लागते, पंच आणावे लागतात, चोवीस तासांत माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. गुप्तचराच्या कामात यातलं काही नसतं, आणि त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे ते असूही शकत नाही. म्हणून ही दोन कामं वेगळी राहिली पाहिजेत. मसुद्यात ‘आवश्यक वाटल्यास अटक करता येईल’ अशी अर्धी ओळ जरी दिसली, तरी तिच्यासमोर तुमच्या टिपणीत अख्खं पान खर्ची घाला.

हे मी मुंबईत बसून लिहितेय. २६ नोव्हेंबर २००८ या शहरात राहणाऱ्या कुणाला विसरता येत नाही. नागपूर अधिवेशनाच्या तयारीमुळे त्या दिवशी मला ऑफिसातून निघायला उशीर झाला होता. नेहमीसारखी आझाद मैदानाच्या कडेने चालत सीएसटीला आले. मेन लाइनच्या हॉलमध्ये उत्तरेकडे जाणारी कुटुंबं गाठोडी उशाला घेऊन गाडीची वाट बघत बसली होती. एक लहान मुलगी पोह्यांच्या पुडीवर झोपली होती, मी तिच्या पायावरून जपून पाय टाकला, एवढं मला आठवतं. साडेआठच्या सुमारास लोकल पकडून मी डोंबिवलीला उतरले. घरी आले तेव्हा टीव्ही लागलेला होता आणि त्याच हॉलची फरशी दिसत होती. त्या मुलीचं काय झालं, मला ठाऊक नाही. त्या तीन दिवसांत १६६ माणसं गेली, त्यातली पन्नासहून अधिक एकट्या सीएसटीवर.

म्हणून, गुप्तचर संस्थांना कायदा हवा असं म्हणणारा माणूस त्या संस्थांच्या विरोधात असतो, हा समज कृपा करून मनातून काढून टाका. त्या संस्था सक्षम असाव्यात असं मला तुमच्याइतकंच वाटतं. कदाचित काकणभर जास्त, कारण मी त्या हॉलमधून चालत गेलेय.

पण तेव्हा चुकलं कुठे, तेही बघा. राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची चौकशी समिती नेमली. त्यातले बालचंद्रन स्वतः रॉमध्ये वरिष्ठ पदावर काम केलेले. मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेलं लक्ष्य होऊ शकतात, असे इशारे आधी आले होते. ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या टेबलांवर आले आणि नेहमीच्या टपालासारखे पुढे सरकले. सगळे एकत्र मांडून त्यांचा अर्थ कोणी लावला नाही. हे वाचून माझ्यासारख्या टिपणी लिहिणाऱ्या बाईच्या पोटात खड्डा पडतो, कारण हे कसं घडतं ते मला ठाऊक आहे. ‘माहितीस्तव अग्रेषित.’ ‘पाहिले. नस्तीबंद.’ कोणाचं काम कोणतं हे जिथे लिहिलेलं नसतं, तिथे प्रत्येकजण कागद पुढे ढकलतो आणि आपलं काम झालं असं समजतो. इशारा आल्यावर तो कोणी एकत्र करायचा, किती वेळात कोणाला कळवायचं, कळवल्याची नोंद कुठे ठेवायची, हे कायद्यात असेल तर चूक झाल्यावर निदान बोट ठेवता येतं. कायदा हा नुसता लगाम आहे असं समजू नका, त्याच्यामुळे कामही नीट होतं.

त्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांत, ३१ डिसेंबर २००८ ला, एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचा, कायदा अस्तित्वात आला. मनात आणलं तर सरकार किती वेगाने कायदा करू शकतं, हे तेव्हा दिसलं. तपास करणाऱ्या संस्थेला कायदा मिळाला. इशारा देणाऱ्या संस्था होत्या तिथेच राहिल्या.

विधी विभागातल्या माझ्या मित्रांना एक गोष्ट निराळी सांगायची आहे. १९८४ मध्ये घटनेची पन्नासावी दुरुस्ती झाली, अनुच्छेद ३३ मध्ये गुप्तवार्ता संघटनांमधल्या कर्मचाऱ्यांचा समावेश झाला आणि त्याच्या आधारे १९८५ मध्ये त्यांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा आला. त्यांनी संघटना काढायची नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. म्हणजे या संस्थांमधल्या माणसांनी काय करू नये, याचा कायदा आपल्या संसदेने चाळीस वर्षांपूर्वी केला. या संस्थांनी काय करावं, याचा अजून केलेला नाही. माहिती अधिकार कायद्यातही तेच. कलम २४ खाली या संस्थांना सूट दिली, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप तेवढे त्या सवलतीबाहेर ठेवले. सूट देताना संस्थेचं नाव कायद्याच्या अनुसूचीत आलं. कर्तव्य सांगणारी अनुसूची मात्र कुठेच नाही.

आणि हे चालवून घेण्यात धोका आहे, हे सीबीआयच्या बाबतीत दिसलेलं आहे. सीबीआय १९६३ च्या एका ठरावाने स्थापन झाली, अधिकार घेतले ते १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून. ६ नोव्हेंबर २०१३ रोजी गुवाहाटी उच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या ठरावाने अशी पोलीस संस्था निर्माण होत नाही. तीन दिवसांनी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली म्हणून देशभरातले खटले वाचले. ज्यांच्या मागे तो जुना कायदाही नाही, त्यांच्या बाबतीत उद्या असा निकाल आला तर सरकार काय दाखवणार? २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मूलभूत ठरवला. त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, हेतू वैध हवा आणि हेतूच्या मानाने उपाय बेताचा हवा. पहिल्याच पायरीवर आपण अडतो.

यावर तुम्ही म्हणाल, फोन ऐकण्याला कायदा आहे की. आहे. पूर्वी १८८५ चा तार कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम आहेत. डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंधनं घालून दिली. गृह सचिवांचा आदेश हवा, त्याची मुदत ठरलेली हवी आणि आढावा समिती हवी. २००७ मध्ये ही समिती नियमांत सविस्तर आली. केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव, राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव. दोन महिन्यांतून निदान एकदा बैठक.

आता न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीचा २०१८ चा अहवाल काढा. श्रीकृष्ण म्हणजे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे, १९९२-९३ च्या दंगलींचा अहवाल देणारे. विदा, म्हणजे डेटा, संरक्षणावरच्या त्या अहवालात त्यांनी नोंदवलंय, की केंद्राच्या या आढावा समितीला एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासायचे असतात. मी वहीच्या कोपऱ्यात गणित मांडलं. समिती सकाळी बसली, चहालाही उठली नाही, सलग आठ तास बसली, तर तिच्याकडे २८,८०० सेकंद आहेत. पंधरा हजार आदेश म्हणजे एका आदेशाला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. कक्ष अधिकारी म्हणून सांगते, नस्तीची पताका उलटायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे तिन्ही सचिव कामचुकार आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्याकडे अख्ख्या देशाचा कारभार आहे. हे काम त्यांच्याकडून होणं शक्य नाही, आणि तरीही प्रत्येक नव्या मसुद्यात आपण तीच समिती उचलून चिकटवतो, कारण आधीच्या कायद्यात ती होती. दूरसंचाराच्या नव्या नियमांतही सचिवांचीच समिती आहे. गुप्तचर कायद्याच्या मसुद्यात ‘आढावा समिती’ हे दोन शब्द आले, की लगेच विचारा, आदेश किती असतील, माणसं किती, तास किती. हा प्रश्न विचारायला कायद्याची पदवी लागत नाही.

तपासणी झालीच नाही तर काय होतं याचं उदाहरण दिल्लीत शोधायला नको. इथल्याच एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश २००९-१० मध्ये निघाले होते. सार्वजनिक आणीबाणी नाही, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नाही, असं सांगून मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. निकालाची तारीख २२ ऑक्टोबर २०१९. त्याच्यावर खटला होता म्हणून त्याला आदेश कळले, उच्च न्यायालय गाठायची ऐपत होती म्हणून दाद मिळाली, तरी जवळजवळ दहा वर्षं गेली. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला कधीच कळत नाही. जर्मनीत १९६८ चा कायदा आहे, त्याखाली पाळत संपल्यावर आणि तपासाला धोका नसेल तेव्हा, त्या माणसाला कळवावं लागतं. आपल्याकडे ‘नंतर कळवणे’ हे कलम मी अजून एकाही मसुद्यात पाहिलेलं नाही. माझ्या त्या अकराव्या पानासारखंच आहे हे.

गुप्ततेचं काय, हा प्रश्न येणारच. खबऱ्याचं नाव गुप्तच हवं. चालू मोहीम गुप्त हवी, तंत्र गुप्त हवं. पण कायदा गुप्त असायचं कारण काय? ज्या इंग्रजांनी आपल्याला ही रचना दिली, त्यांनीही देशांतर्गत काम करणाऱ्या आपल्या एमआय-फाइव्ह या गुप्तचर संस्थेला ऐंशी वर्षं कायद्याशिवाय चालवलं आणि शेवटी १९८९ मध्ये कायदा केला. परदेशात काम करणाऱ्या एमआय-सिक्ससाठी १९९४ मध्ये केला, त्याच कायद्याने संसद सदस्यांची देखरेख समिती आली. २०१६ च्या कायद्यानुसार तिथे मंत्र्याने पाळतीच्या आदेशावर सही केली तरी न्यायिक आयुक्ताच्या मंजुरीशिवाय तो लागू होत नाही, अगदी तातडीचा प्रसंग सोडला तर. आपल्याकडेही हे कोणी बोललंच नाही असं नाही. २०१० मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी, रॉचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव यांच्या स्मृतिव्याख्यानातच, संसदीय देखरेखीची गरज मांडली. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणलं. त्यात लवाद होता, देखरेख समिती होती, लोकपालासारखं तक्रार ऐकणारं पद होतं. खासगी विधेयकांचं काय होतं ते तुम्ही जाणता. १९७० नंतर एकही दोन्ही सभागृहांतून पार झालेलं नाही. त्या विधेयकाच्या प्रती तुमच्या ग्रंथालयात असतील. नवा मसुदा वाचताना शेजारी ठेवा.

वित्त विभागाला लांबलचक सांगत नाही. गुप्त सेवेवरचा खर्च पावतीनिशी तपासला जात नाही, ठरवून दिलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दाखल्यावर लेखापरीक्षा थांबते. काही प्रमाणात ते अपरिहार्य आहे. पण खरेदी केलेल्या यंत्रणा, सॉफ्टवेअर, भाड्याची वाहनं हा खर्च खबऱ्याच्या पैशांसारखा नसतो. दोन्ही एकाच शीर्षाखाली बंद करू नका.

कार्मिक विभागाशी मात्र जरा बोलायचं आहे, कारण या सगळ्यात गुप्तचर संस्थेतल्या साध्या कर्मचाऱ्याचा विचार कोणीच करत नाही. वरून तोंडी हुकूम आला, ‘अमक्यावर नजर ठेव’, तर त्याने काय करायचं? हुकूम गैर वाटला तर कोणाकडे जायचं? संघटना नाही, पत्रकाराकडे जायची सोय नाही, आणि २०२१ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार निवृत्तीनंतरही कामाच्या संदर्भातलं काही परवानगीशिवाय छापता येत नाही. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची नंतर चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे कितीतरी अधिकाऱ्यांनी सांगितलं, की आम्ही वरून आलेले तोंडी आदेश पाळले. तोंडी आदेश हे सगळ्या गैरवापराचं बीज आहे. आदेश लेखी हवा, सही करणाऱ्याचं पदनाम हवं, आणि नकार देणाऱ्याला संरक्षण हवं. या तीन गोष्टी मसुद्यात नसतील तर त्या मागणं हे तुमचंच काम आहे, कारण ती माणसं तुमच्या आस्थापनेवरची आहेत आणि त्यांना मागता येत नाही.

वेळ नसतो, हे मला माहीत आहे. आता ई-ऑफिस आलं, शिपाई दारात उभा राहत नाही, पण पडद्यावर ‘तातडीचे’ लाल अक्षरांत चमकतंच. अशा वेळी तुमच्या हातात एक साधन आहे. केंद्राच्या विधी मंत्रालयाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी कळवलेलं पूर्वविधायी सल्लामसलतीचं धोरण. त्यानुसार मसुदा निदान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो, सोप्या भाषेतल्या स्पष्टीकरणासह. ते शक्य नसेल तर मंत्रिमंडळाच्या टिपणीत कारण नोंदवायचं असतं. ‘राष्ट्रीय सुरक्षेचा विषय असल्याने शक्य नाही’ एवढं एक वाक्य कारण म्हणून स्वीकारू नका. मोहिमांचा तपशील नसलेला कायदा लोकांनी वाचल्याने कुठल्या शत्रूला काय मिळणार, हे मूळ विभागाने लिहून द्यावं. लिहून मागितलं की पुष्कळ कारणं गळून पडतात, हा अनुभव तुम्हालाही असेल.

आणि तो मसुदा ठेवाल तेव्हा मराठीतही ठेवा. इंग्रजी मसुदा आधी, मराठी अनुवाद कायदा झाल्यावर, असं चालतं तेव्हा वाचणारे चार वकील उरतात. राज्याचा मसुदा असेल तर राजभाषा मराठीच आहे, केंद्राचा असेल तरी स्पष्टीकरणाची चार पानं मराठीत आणणं अवघड नाही. ‘इंटरसेप्शन’ला काय म्हणायचं, ‘ओव्हरसाइट’ला काय म्हणायचं, यावर अडलात तर भाषा संचालनालय आहे, आणि आमच्यासारखी निवृत्त माणसंही आहेत. शब्द सापडला नाही तर दोन ओळींत समजावून लिहा. भायखळ्याच्या त्या गृहस्थांना तो वाचून कळला पाहिजे. त्यांनी कलम विचारलं तर त्याचा क्रमांक सांगता आला पाहिजे.

आपली,
एक निवृत्त कक्ष अधिकारी
मुंबई